सत्काराचा हार

माझे बाबा वारल्याची बातमी शेजारच्या भाभींनी मला दिली, तेव्हा बाबा माझ्यासमोर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. रविवारची सकाळ होती. मी स्मृति नगरहून स्कूटीवर नेहमीसारखी आईबाबांकडे जुनवानीला आले होते. भाभी फाटक उघडून आत आल्या, त्यांनी बाबांकडे एकदा चोरून पाहिलं आणि मला हाताला धरून अंगणात नेलं.

"दीदी, बुरा मत मानना," त्या अगदी हळू बोलत होत्या. "स्कूल की दीवार पे लिस्ट लगी है, जिनके नाम वोटर लिस्ट से कट गए. उसमें अंकल का भी है. सामने लिखा है, मृत."

मयताच्या घरी मयताला ऐकू जाऊ नये म्हणून कुणी आवाज उतरवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. तसं बाबांना कमीच ऐकू येतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसनं त्यांचे कान निवृत्तीच्या आधीच जमा करून घेतले होते. पण जे त्यांना ऐकू जाऊ नये असं वाटतं ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

"कोन मेलं?" त्यांनी आतून विचारलं.

"तुमी," मी म्हटलं.

"कवा?"

"ते नाई लिवलं. लिस्टीत नाव हाये फक्त."

बाबांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "मंग त्या पोरीले चहा तरी पाज. येवढी बातमी घेऊन आली बिचारी."

मी हसले. भाभीही तोंडाला पदर लावून हसल्या. आई मात्र स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आली होती आणि ती हसत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर बाबांचा फोटो होता, फोटोला हार होता, आणि हारावर एक छोटा लाल बल्ब लुकलुकत होता. आईला काय कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं.

त्या फोटोची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. भिलाईत प्लांटमधला माणूस निवृत्त होतो तो दिवस त्याच्या लग्नापेक्षा मोठा असतो. लग्नात निम्मे लोक मुलीकडचे असतात, इथे सगळे आपलेच. बाबांच्या डिपार्टमेंटनं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि झेंडूचे एवढे हार घातले की साहेबांनी भाषणात त्यांचे गुण सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नंतर त्यांना उघड्या जीपमध्ये उभं करून, पुढे धुमालचा ढोलताशा वाजवत, कंपनीच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपर्यंत आणलं. मागून मोटरसायकली. जो माणूस उभ्या आयुष्यात घरच्यांशीही कधी मोठ्या आवाजात बोलला नाही, तो माणूस जीपच्या दांडीला धरून उभा होता आणि त्याच्या नावानं रस्त्यात घोषणा चालल्या होत्या. आई दारात आरती घेऊन उभी होती. तिला रडू येत होतं आणि ती आरतीच्या धुराचं नाव सांगत होती.

त्या दिवसाचा एक फोटो मोठा करून घ्यायला आईनं सिविक सेंटरच्या एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाला कलावंत निघाला. त्यानं गर्दी कापली, साहेब कापले, आणि चेहरा नीट दिसावा म्हणून हारही हनुवटीखाली कापून टाकला. फ्रेम घरी आली तेव्हा आई हिरमुसली. "हारच नाई राहिला याच्यात. मंग सत्काराचा फोटो कायचा? असा तर राशन कार्डावर बी हाये."

झेंडूचे हार तोवर सुकून गेले होते. मग आई पुन्हा सिविक सेंटरला गेली आणि चंदनी रंगाच्या पातळ पापुद्र्यांचा, मधेमधे सोनेरी मणी असलेला एक पक्का हार घेऊन आली आणि तो तिनं फ्रेमला घातला. आता कुठं तिचं मन भरलं. फ्रेम देव्हाऱ्याशेजारी लागली, कारण खिळा तिथंच होता. देवांना दिवाळीत लावतात तशी बल्बची माळ होती, तिच्यातला एक बल्ब उरत होता. तो वर ओढून फोटोवर कुणी बसवला? खुद्द बाबांनी. स्टुलावर चढून, टेस्टर तोंडात धरून. आणि देवांना उदबत्ती लावली की आई उरलेला धूर फोटोसमोरूनही फिरवायची. "देवाच्या बाजूले हाये तं त्यायले कावून नाई?" देवाला धूर तर शेजारच्याला का नाही, असा तिचा हिशेब.

तुमसरहून आत्या आल्या होत्या तेव्हा चपला काढतानाच त्यांचं लक्ष गेलं आणि त्या ओरडल्या, "अवो वहिनी, जित्या मान्साच्या फोटोले हार? काढा तो आदी!"

"हा तसा हार नोहे. हा सत्काराचा हार हाये," आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. आत्यांशी तिचं तसंही कधी पटलं नव्हतं. आत्यांनी हार काढायला सांगितला नसता तर कदाचित तिनं तो आपणहून काढलाही असता.

क्वार्टर सुटलं, जुनवानीत घर झालं, फोटो इथंही देव्हाऱ्याशेजारी लागला. येणारेजाणारे सगळे ओळखीचे, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. आणि मग मतदार यादीची पडताळणी सुरू झाली.

पडताळणीला जे गुरुजी आले ते जवळच्याच शाळेत शिकवतात. म्हणजे शिकवायचे असतात. आपल्याकडे गुरुजींनी गुरं मोजायची, माणसं मोजायची, संडास मोजायचे आणि वेळ उरला तर पाढे घ्यायचे. या वेळी त्यांना मतदार मोजायला दिले होते. गल्लीगल्लीत फिरून, प्रत्येकाचा कागद प्रत्येकाला देऊन, भरून परत घ्यायचा आणि संध्याकाळी वर आकडा कळवायचा. आकडा कमी भरला की फोनवर शिव्या.

ते आमच्याकडे आले तेव्हा बाबा न्हाणीत होते. बाबांची आंघोळ हा मोठा कार्यक्रम असतो. कोळशाची काजळी अंगाला लागणं बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण ते अजून शिफ्ट सुटल्यासारखे अंग घासतात. नळ चालू, बादली चालू, त्यामुळे बाहेर कोण आलं ते त्यांना कळलं नाही. आईनं गुरुजींना बसवलं, चहा दिला. गुरुजींनी कागद काढले, मान वर केली, आणि त्यांना समोर फोटो दिसला. हार, लाल बल्ब, नुकत्याच लावलेल्या उदबत्तीचा धूर. गुरुजी उठून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून फोटोला नमस्कार केला. मग खाली बसून आईचा कागद आईला दिला, बाबांचा कागद पिशवीत तळाला घातला, चहा संपवला आणि आईलाही नमस्कार करून गेले.

एक शब्द त्यांनी विचारला नाही. आईनंही विचारला नाही. सेक्टरमध्ये जन्म गेल्यामुळे आईचं पक्कं मत आहे की पुरुषांचे कागद वेगळे येतात. क्वार्टर बाबांच्या नावावर, दवाखान्याचं पुस्तक बाबांच्या नावावर, आई त्या पुस्तकात आश्रित. बाबांचा कागद नेहमी प्लांटमधून, साहेबाच्या सहीनं, मागाहून यायचा. तसा हाही येईल.

बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा आईनं त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "अवो, तो मास्तर आलता. तुमच्या फोटोले हात जोडले त्यानं. उभा राहून!"

"हो का?" बाबा खूश झाले. "मास्तर हाये ना. संस्कार असते त्यायच्यात."

पुढचे किती तरी दिवस बाबा ही गोष्ट सांगत होते. मलाही फोनवर सांगितली. आपण प्लांटमध्ये काय काम केलं ते लोकांना अजून ठाऊक आहे, असा त्यांनी अर्थ घेतला होता. मीही "वा" म्हणाले. आपल्या बापाला कुणी उभं राहून नमस्कार करतं म्हटल्यावर लेकीनं आणखी काय म्हणायचं?

तर त्या रविवारी आम्ही तिघंही भिंतीकडे बघत बसलो आणि भाभी चहा पीत राहिल्या. या देशात मेलेली माणसं मतदान करून जातात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता जिवंत माणसांना मेलेलं ठरवून घरी बसवायची सोय झाली. याला सुधारणा म्हणायचं नाही तर काय?

बाबांनी थोडा वेळ थट्टा केली. आईला म्हणाले, "आता जेवाले वाढू नको मले, नैवेद्य दाखव." मग ते उठून, कपडे करून एकटेच शाळेच्या भिंतीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. थट्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा उतरला की बघवत नाही.

लोकांना वाटेल, एक मत ते काय! पण बाबांचं तसं नाही. बाबा तुमसरकडच्या एका गावातून मिसरूड फुटताना भिलाईला आले. गावातली शेती भावाला दिली. गावी गेले की त्यांना 'भिलाईवाले' म्हणतात, आणि इथं अख्खी हयात गेली तरी 'वो महाराष्ट्र वाले अंकल'. तेलुगू, मल्याळी, ओडिया, बिहारी, सगळेच इथं बाहेरून आलेले, तरी प्रत्येकाला दुसरा बाहेरचा वाटतो. क्वार्टर कंपनीचं होतं, पाणी कंपनीचं, झाडंसुद्धा कंपनीची. गावच्या यादीतून बाबांनी स्वतः अर्ज देऊन नाव काढून घेतलं होतं, कारण एका माणसाचं नाव एकाच जागी असावं, हा नियम त्यांनी कुठं तरी वाचला होता. नियम पाळणारा माणूस! तेव्हापासून ते कुठले, हे सांगणारी एकच जागा होती, ती म्हणजे इथली यादी. त्यात आधी बाबांचं नाव आणि लगेच खाली आईचं.

मतदानाच्या दिवशी बाबा पहाटे आंघोळ करून निवृत्तीला शिवलेला सफारी घालत, डोक्याला तेल लावत आणि चहा न घेता निघत. नोकरीत होते तेव्हा नाइट शिफ्ट करून थेट रांगेत उभे राहत. सोबत आई. कुणाला मत दिलं ते त्यांनी आईला कधी सांगितलं नाही, आणि त्याचा सूड म्हणून आईनंही त्यांना कधी सांगितलं नाही. माझ्या आईबापांच्या संसारात हे एवढंच एक गुपित होतं.

"माहं नाव पायजे मले तिथं," बाबा त्या दिवशी मला म्हणाले. "बाकी काई नाई पायजे. नाव पायजे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही आधी गुरुजींना गाठलं. मी पूर्ण तयारीनं गेले होते. काय काय बोलायचं ते स्कूटीवरच पाठ केलं होतं. गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या ताटांत भात वाढला जातोय की नाही ते बघत उभे होते. त्यांनी बाबांना पाहिलं, पहिल्यांदा ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"फिर से नमस्ते?" बाबा म्हणाले. "पहले फोटो को किया, अब मेरे को."

गुरुजी खांबाला टेकले. "अंकल, माला थी," ते म्हणाले. "बल्ब जल रहा था. अगरबत्ती भी लगी थी. अब किसी के दुख वाले घर में कैसे पूछें, कब गए, कैसे गए? ऊपर से आंटी जी ने चाय पिलाई. मुझसे पूछा नहीं गया."

माझं पाठ केलेलं भाषण तिथंच राहिलं. माणूस वाळलेला होता, डोळे लाल होते, आणि बोलता बोलता त्याचा फोन तीनदा वाजला. कोडगा निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण चांगल्या वळणानं एवढं नुकसान झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्याला एक प्रश्न विचारायचा संकोच वाटला आणि त्यानं माझा बाप मारून टाकला.

"अब मेरे हाथ में नहीं है," गुरुजी म्हणाले. "ऑफिस जाइए. नया फॉर्म भर दीजिए, सबसे आसान वही है."

ऑफिसात रांग होती. खिडकीपाशी पोचेपर्यंत दुपार झाली. आतल्या बाबूनं मान खाली ठेवूनच विचारलं, "किसका कटा है?"

बाबांनी नाव सांगितलं. बाबूनं शोधलं. "हाँ, मृत. मृतक आपके कौन लगते थे?"

"मैं ही हूँ," बाबा म्हणाले.

"मैं ही हूँ मतलब? बेटा, भाई, क्या?"

"मृतक."

आता बाबूनं वर पाहिलं. मला वाटलं हसेल. पण त्याच्याकडे सकाळपासून बाबांसारखे बरेच येऊन गेले असावेत. त्यानं नुसता एक कागद पुढे सरकवला. "नए मतदाता वाला भर दीजिए."

"नया कायको?" बाबांची हिंदी चिडली की नागपूरला जाते. "मैं पुराना हूँ. तुम ऐसा लिखो कि गलती हुई, ये आदमी मरा नहीं था."

"गलती का कोई फॉर्म नहीं है, अंकल."

हे वाक्य तो माणूस पाण्याचा ग्लास मागावा इतक्या साधेपणानं बोलला. बाबांनी पिशवीतून पेन्शनचा कागद काढला. दरवर्षी बँकेत जाऊन ते मशीनवर अंगठा ठेवतात आणि मशीन सांगतं की हे जिवंत आहेत. बाबूनं कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "इसमें आप पेंशन के लिए जिंदा हैं. हमारा अलग है."

बाबांनी फॉर्म घेतला नाही. मी म्हटलं, बाबा, भरून टाका, काय फरक पडतो? तर माझ्यावरच उखडले. "फरक नाई पडत? अठरा वर्साच्या पोराचा कागद मी कावून भरू? मी कालपासून हावो का इथं? त्यायनं मले मारलं, त्यायनं लिवाव की चुकलं."

घरी आल्यावरही ते हेच बोलत राहिले. फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. मी रोज फोन करायची, ते रोज नाही म्हणायचे. एकदा भांडणही झालं आमचं. मी म्हटलं, सरकार कधी चुकलं म्हणून कागदावर लिहून देतं का? ते म्हणाले, प्लांटमध्ये चुकीचा एक व्हॉल्व्ह उघडला तर रात्रीतून चौकशी बसायची, इथं अख्खा माणूस गेला तर कुणी विचारत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण खरं म्हणणं घेऊन बसलं की मुदत थांबत नाही.

आणि मधल्यामधे आई वाळत चालली होती. तिनं बल्ब काढला, उदबत्ती फिरवणं बंद केलं. हार मात्र तिला काढवेना. त्याला हात लावायचीच तिला भीती बसली होती. तुमसरहून आत्यांचा फोन आला, "म्या म्हनलं होतं ना?" एवढं बोलून त्यांनी ठेवला. आईनं परत फोन लावला नाही. पूर्वी ती आत्यांना दहा तरी उत्तरं देत असे.

मग एका दुपारी काय झालं ते मला बाबांनी सांगितलं. जेवून ते पडले होते. डोळा लागला होता. नाकाजवळ काही तरी वाटलं म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर आई खाटेजवळ वाकून उभी होती आणि तिनं हाताची पाठ त्यांच्या नाकासमोर धरली होती.

"काय पाहून रायली व?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. माशी होती," आई म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी कूस बदलली पण मग त्यांना झोप आली नाही. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "उद्या ये. भरतो तो नवा कागद," एवढंच म्हणाले. मी जिंकले होते, पण मला अजिबात आनंद झाला नाही. त्यांचा हट्ट मोडावा असं मला वाटत होतं आणि तो मोडला तेव्हा फोन ठेवून मी रडले.

कागद भरला, काही दिवसांनी साहेबासमोर बोलावणं आलं. घरच्या एका माणसानं येऊन सांगावं, असं होतं. मी जाणारच होते. पण आई म्हणाली, "मी येतो." आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःला असंच 'येतो, जातो' म्हणतात. तिच्या हातात मोठी पिशवी होती. मला वाटलं डबा असेल. आई कुठंही डब्याशिवाय जात नाही.

रांगेत आमच्या मागे एक म्हातारी होती. बांधकामावर रेजा म्हणून विटा वाहत होती इतकी वर्षं. तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं होतं, कारण पडताळणीवाले आले तेव्हा तिच्या झोपडीला कुलूप होतं. दिवसा कामावर गेली हा तिचा गुन्हा. एक दिवसाची मजुरी बुडवून ती आपण कुठंही गेलो नाही हे सांगायला आली होती.

आमचा नंबर लागला. साहेब तरुण होता, बोलायला गोड होता. "तो माताजी, आप बताइए, ये आपके पति हैं और जीवित हैं?"

आई टेबलाजवळ सरकली. तिनं पिशवी उघडली. आतून निघाली सत्काराची शाल, शालीतून निघाला फोटो. हारासकट. तिनं तो साहेबाच्या टेबलावर, फायलींवर, उभा ठेवला. सगळं ऑफिस बघायला लागलं. मी खाली मान घातली, कारण मला वाटलं आता ही रडणार.

"हा पाहा," आई सरळ मराठीतच सुरू झाली, समोरच्याला कळतंय की नाही याची तिला काही पडली नव्हती. "हा सत्काराचा हार हाये. यायले जीपीत उभं करून आनलं होतं. धुमाल लावून. याच्यासाठी घातला होता म्या. मरनासाठी नाई घातला."

मग तिनं फ्रेमवरून तो हार काढला. इतके दिवस जिला हात लावायची भीती वाटत होती तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि खुर्चीत बसलेल्या बाबांच्या गळ्यात घातला. हार मोठा होता, त्यांच्या पोटापर्यंत आला. बाबांनी मान वाकवली होती, जीपमध्ये वाकवली होती तशीच.

रांगेतल्या कुणी तरी टाळी वाजवली. मग दोघातिघांनी वाजवली. एकानं "बधाई हो अंकल" म्हटलं. त्याला बहुतेक लग्नाचा वाढदिवस वाटला असावा. साहेबानं पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "समझ गया माताजी, हो जाएगा. बस ये फोटो उठा लीजिए, नीचे फाइलें दब रही हैं."

निघताना त्यानं बाबांना विचारलं, "चलिए अंकल, जोड़ दिया आपको वापस. अब खुश?"

"साहेब, मैं मरा ही नहीं था," बाबा म्हणाले. "तो जिंदा करने का धन्यवाद कायका देऊ?" पण हात त्यांनी जोडले. सवयच ती.

बाहेर पडताना त्या म्हातारीनं आईचा हात धरला. "मोर करा तो फोटो नइ हे," ती म्हणाली. "मोर काम होही?" तिच्याकडे फोटो नव्हता, तिचं काम होईल का, असं ती विचारत होती. आईनं तिचा हात थोपटला. आमच्याकडे फोटो होता, शाल होती, रजा टाकू शकणारी मुलगी होती. तिच्याकडे कुलूप होतं. आम्ही ऑटोत बसलो. पुढे यादी लागली तेव्हा मला तिचं बघायचं होतं, पण मी तिचं नावच विचारलं नव्हतं.

शेवटची यादी शाळेच्या त्याच भिंतीवर लागली. आम्ही तिघं गेलो. आईचं नाव जुन्या जागीच होतं. त्याच्या वर बाबांचं असायचं, तिथे आता शेजारच्या घरातला कुणी होता. बाबांचं नाव सापडायला वेळ लागला. ते अगदी शेवटी होतं, नव्यानं अठरा पूर्ण केलेल्या पोरापोरींच्या ओळीत. बाबांनी त्यावर बोट ठेवलं, दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला. आई कितीतरी वेळ दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं बघत होती. "मी वरतं अन् तुमी त्या तिकडं," ती म्हणाली. "बरं, जाऊ द्या. हाये ना."

घरी आल्यावर बाबांनी स्टूल ओढलं. त्यांना फोटो पुन्हा लावायचा होता, हार घालून, बल्ब पेटवून. सरकारची जिरवायची होती त्यांना. आईनं फोटो दिला, पण हार दिला नाही. बाबा वर उभं राहून मागत राहिले. ती हार वर्तमानपत्रात गुंडाळत राहिली. मग तिनं तो पुडका माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ने हा. आता ज्या दिशी लागंल त्या दिशी तूच आन."

बाबा स्टुलावरून खाली उतरले. मी पुडका घेतला. मी स्कूटीच्या डिकीत तो ठेवला आणि स्मृति नगरला आले.

सरकारनं केलेला बाबांचा मृत्यू दुरुस्त झाला. एक कागद, एक फोटो, थोडी रांग, झालं काम. पण त्या दिवसापर्यंत आमच्या घरात बाबांच्या खऱ्या मरणाचा कधी विचारच कुणी केला नव्हता, आणि आता त्याची तयारी माझ्या कपाटात आहे, अगदी खालच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या पांघरुणांच्या मागे. थंडी पडली की पांघरुणं काढावी लागतात. या वर्षी मी बाजारातून नवीन रजई घेऊन आले.